घरातील वीज आणि सुरक्षेची साधने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांच्या वायरिंगची तपासणी करताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे महाराष्ट्रातील घरांची आहेत. चाळीतील खोली, सोसायटीतील फ्लॅट, पत्र्याचे छप्पर असलेले गावाकडचे घर अशी सगळी घरे त्यांत येतात. बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच दिसते. एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (प्रवाह भलत्या वाटेने गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग (उपकरणांची धातूची आवरणे जमिनीशी जोडणारी तार) ही एकाच कामाची तीन साधने आहेत आणि त्यांतले एखादे असले की भागते, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तिघांची कामे वेगळी आहेत आणि एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

घरात एमसीबी बसवले आहेत. मग आरसीसीबी आणखी कशासाठी?

एमसीबी भिंतीतल्या तारेचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही. हे सहसा कोणाला पटत नाही, म्हणून आकडे मांडून पाहू. घरातील वीज २३० व्होल्टची असते. हातातून शिरून पायावाटे जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाला माणसाच्या शरीराचा रोध, म्हणजे अडथळा, साधारण १००० ते २००० ओहम असतो, आणि अंग ओले असेल तर तो आणखी कमी होतो. रोध १००० ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जाईल. ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब सुमारे १७४ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे माणूस विजेला चिकटून मरत असताना एमसीबीच्या दृष्टीने घरात एखाद-दुसरा बल्ब जास्त लागलेला असतो, एवढाच फरक. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखल घेण्याचे काहीच कारण नसते.

आरसीसीबी हा फरक ओळखतो, कारण तो एकूण प्रवाह किती आहे हे पाहतच नाही. गेलेला प्रवाह पूर्ण परत आला की नाही, एवढेच तो पाहतो.

एमसीबी पडतो, म्हणजे वीज तोडतो, तेव्हा त्याच्या आत नेमके काय होते?

त्यात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना जोडलेली पट्टी. तापल्यावर दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि खटका सोडते. ही यंत्रणा मुद्दामच संथ ठेवलेली असते. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर जात राहिले तर तो तासभर पडू नये, आणि सुमारे २३ अँपिअर जात राहिले तर तासाच्या आत पडावा, असे प्रमाण आहे. दुसरी यंत्रणा म्हणजे एक छोटे वेटोळे. शॉर्ट सर्किट झाल्यावर प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो, वेटोळ्याचे चुंबकत्व खटक्याला खेचते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत वीज तुटते. घरातील एमसीबीवर छापलेले ‘सी १६’ मधील अक्षर याच यंत्रणेविषयी आहे. ‘बी’ प्रकारचा एमसीबी नेमून दिलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पट प्रवाहाला लगेच पडतो, तर ‘सी’ प्रकारचा ५ ते १० पट प्रवाहाला. म्हणजे ‘सी १६’ एमसीबी तत्काळ पडण्यासाठी ८० ते १६० अँपिअर प्रवाह लागतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण अर्थिंगच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. भिंतीतली तार तीच ठेवून असे केले, तर तापण्याचे काम तार करू लागते आणि एमसीबी शांत राहतो. आधी तार कोणत्या जाडीची आहे ते पाहावे. दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगसाठी २.५ आणि गीझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, ही घरगुती वायरिंगची रूढ आणि योग्य पद्धत आहे. एमसीबीची निवड तारेवरून करायची असते. उपकरणांची हौस वाढली म्हणून तो बदलायचा नसतो.

आरसीसीबी गळती कशी पकडतो?

फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) या दोन्ही तारा त्याच्या आत एका चुंबकीय कड्यातून जातात. सगळे ठीक असेल तर फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, दोघांची दिशा उलट असल्यामुळे कड्यातील चुंबकत्व एकमेकांना रद्द करते आणि काहीच घडत नाही. थोडा जरी प्रवाह दुसऱ्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा अर्थिंगच्या तारेतून जमिनीत गेला, तर हा हिशेब जुळत नाही. उरलेल्या चुंबकत्वामुळे कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती खटका ओढते. याच तत्त्वावर माणसाचा जीव वाचवण्याइतके संवेदनशील उपकरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी १९६१ मध्ये तयार केले. शरीराला किती प्रवाह सहन होतो यावर त्यांनी त्याआधी अनेक वर्षे प्रयोग केले होते.

आरसीसीबीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअरच का?

साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. लोक ‘वीज चिकटली’ म्हणतात ते हेच. त्याहून जास्त प्रवाह काही सेकंद चालू राहिला तर छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो, आणि ५० मिलिअँपिअरच्या पुढे, सेकंदभर किंवा अधिक वेळ गेला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पडायला हवा. ३० वर त्याने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि १५० वर ०.०४ सेकंदात वीज तोडायला हवी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आरसीसीबी झटक्याचा जोर कमी करत नाही, तो फक्त वेळ कमी करतो. आरसीसीबी असलेल्या घरातही झटका जाणवतो आणि सणसणीत जाणवतो, पण हृदयापर्यंत इजा पोहोचण्याआधी वीज गेलेली असते. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही बाजारात मिळतात. ते आग टाळण्यासाठी उपयोगी आहेत, माणसासाठी नाहीत. खरेदी करताना डबीवरचा हा आकडा स्वतः वाचावा. त्यावरच मोठ्या अक्षरांत छापलेले ४० किंवा ६३ अँपिअर म्हणजे तो किती प्रवाह वाहून नेऊ शकतो याची मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त प्रवाह गेला तर आरसीसीबी आपणहून पडत नाही, तो जळतो. म्हणून त्याच्यासोबत एमसीबी असावाच लागतो. दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या साधनाला आरसीबीओ म्हणतात.

आरसीसीबी असला म्हणजे झटका बसून मृत्यू येणे अशक्य आहे का?

नाही. एखाद्या व्यक्तीने लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परत येतो, हिशेब जुळतो आणि आरसीसीबी स्वस्थ राहतो. होल्डर किंवा प्लग दुरुस्त करताना नेमके असेच घडू शकते. तसेच आरसीसीबीच्या आधीच्या भागात, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरमध्ये झालेला दोष त्याला कळतच नाही.

न्यूट्रलसुद्धा ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. मग घरात अर्थिंगची वेगळी तार का लागते?

न्यूट्रल ही कामाची तार आहे, तिच्यातून सतत प्रवाह वाहतो. अर्थिंगच्या तारेतून एरवी काहीही वाहत नाही. दोष उद्भवला तरच ती कामाला येते. गीझर, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, कूलर यांची धातूची आवरणे या तारेला जोडलेली असतात. न्यूट्रलच आवरणाला जोडून अर्थिंगचा खर्च वाचवण्याची युक्ती काही वायरमन करतात. एखाद्या दिवशी तो न्यूट्रल वाटेत तुटला, तर उपकरणातून पलीकडे गेलेला फेज थेट आवरणावर येतो. पंखा बंद पडला, दिवा गेला, आणि आवरणात २३० व्होल्ट उभे राहिले, अशी ती अवस्था असते.

आता वरचा ८० अँपिअरचा आकडा घ्या. गीझरचा एलिमेंट फुटून फेज टाकीला लागला आहे, अर्थिंगची तार जागेवर आहे आणि घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे, जो आपल्याकडे वाईट मानला जात नाही. जमिनीतून जाणारा प्रवाह असेल २३० भागिले १०, म्हणजे सुमारे २३ अँपिअर. ‘सी १६’ एमसीबी यावर लगेच पडणार नाही, तासभरही टिकू शकेल. तोपर्यंत गीझरची टाकी, तिला जोडलेला धातूचा नळ आणि त्यातून पडणारे पाणी यांच्यावर विजेचा जवळजवळ पूर्ण दाब (व्होल्टेज) राहील. अर्थिंग केले आहे, एमसीबी आहे, तरी आंघोळीला गेलेला माणूस सुरक्षित नाही. उलट त्याच घरात आरसीसीबी असेल तर अर्थिंगचा रोध १०० ओहमपर्यंत बिघडला तरी २.३ अँपिअरची गळती होते, आणि ती ३० मिलिअँपिअरच्या कितीतरी पट असल्यामुळे वीज तत्क्षणी तुटते. ज्या मोठ्या सोसायट्यांत इमारतीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि अर्थिंगची पट्टी थेट त्याच्यापर्यंत जाते, तेथे रोध फार कमी असल्याने एमसीबीही लगेच पडतो. गावातल्या आणि जुन्या वस्तीतल्या घरांना हा आधार नसतो.

उलट बाजूही खरी आहे. आरसीसीबी आहे पण अर्थिंग नाही, अशा घरात आवरणात आलेली वीज कोणी हात लावेपर्यंत तशीच दबा धरून बसते, आणि पहिली गळती माणसाच्या अंगातूनच होते. अर्थिंग असेल तर दोष निर्माण झाल्याच्या क्षणी, कोणी जवळ नसतानाच, आरसीसीबी पडतो. दोघांची गरज आहे ती यासाठी.

अर्थिंग चांगले आहे की नाही हे घरी कसे ओळखावे?

फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून तो पेटला की ‘अर्थिंग ओके’ म्हणण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण ती फसवी आहे. ४० वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध पेटलेला असताना सुमारे १३०० ओहम असतो. त्यात अर्थिंगचा १०० ओहम मिळवला तरी बल्ब जवळपास तसाच पेटतो. म्हणजे खराब अर्थिंगही या परीक्षेत उत्तीर्ण होते. (घरात आरसीसीबी असेल तर या परीक्षेत तो पडतो, आणि तो पडला याचा अर्थ तो काम करतो, एवढेच कळते.) खरी तपासणी अर्थ टेस्टर या मापन यंत्राने करावी लागते. नवीन जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर मोजलेला आकडा लिहिलेला आहे का, आणि तो आपल्यासमोर मोजला गेला का, हे घरमालकाने आग्रहाने पाहावे. अर्थिंगची तार जेथे जमिनीत पुरतात त्या खड्ड्याजवळ न फिरकता भरलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्च ते मे या काळात त्यात नियमित पाणी घालावे, कारण कोरड्या मातीत रोध झपाट्याने वाढतो. कोकणातल्या जांभ्यात आणि पठारावरच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत एका खड्ड्याने बऱ्याचदा भागत नाही. तेथे थोड्या अंतरावर दुसरा खड्डा करून दोन्ही जोडावे लागतात. मीठ पाइप आणि तार यांना गंजवते, म्हणून दर काही वर्षांनी वरचा जोड उघडून पाहावा.

आरसीसीबी वारंवार पडतो. वायरमन म्हणतो, काढून टाका. काय करावे?

काढू नये आणि बायपासही करू नये. तो पडतो आहे म्हणजे कुठेतरी प्रवाह चुकीच्या वाटेने जातो आहे, आणि ती वाट कोणती ते शोधणे हेच काम आहे. प्रथम सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. फक्त बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रल व आवरण यांच्यातला दोष बटण बंद असतानाही आरसीसीबी पाडू शकतो. मग सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी चढवावा आणि एकेक एमसीबी वर करावा. ज्याच्यावर तो पडेल त्या भागात दोष आहे. नंतर त्या भागातील उपकरणे एकेक करून लावावीत. बहुतेक घरांत गीझरचा किंवा पाणी तापवायच्या रॉडचा एलिमेंट, जुना फ्रीज, पाण्याची मोटर किंवा बाहेरच्या भिंतीवरचा पाणी शिरलेला दिवा यांपैकी एक सापडतो.

सगळी उपकरणे काढूनही तो पडत असेल तर वायरिंगमध्ये पाहावे लागते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत हे एक कारण असते. दुसरे कारण वायरमनने केलेला घोटाळा असतो. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला जोडलेला असतो, किंवा दोन वेगळ्या आरसीसीबींचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. तिसरे कारण निरुपद्रवी आहे. संगणक, टीव्ही, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे यांतून प्रत्येकी अगदी थोडी गळती कायम होत असते, आणि अनेक उपकरणे एकाच आरसीसीबीवर आली की ती बेरीज मर्यादेजवळ जाते. अशा वेळी घराचे दोन भाग करून दोन आरसीसीबी बसवणे हा योग्य उपाय आहे. नवीन घेताना ‘ए’ प्रकारचा घ्यावा, कारण इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन यांतील इलेक्ट्रॉनिक भागांमुळे होणारी गळती ‘एसी’ असे प्रकाराचे नाव असलेल्या साध्या आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही.

आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीजबिल आले की दाबायचे असे ठरवले तर विसर पडत नाही. बटण दाबूनही तो पडला नाही तर तो त्याच दिवशी बदलावा. अर्थिंग ठीक आहे की नाही हे मात्र या बटणावरून कळत नाही.

आमच्या जुन्या बोर्डावर ईएलसीबी असे लिहिले आहे. ते चालेल का?

ईएलसीबी हे गळती पकडणाऱ्या साधनाचे जुने नाव आहे. त्या डबीला अर्थिंगची तार जोडलेली असेल, तर तो जुन्या पद्धतीचा, अर्थिंगच्या तारेवरचा व्होल्टेज पाहणारा आहे. फेजच्या तारेला थेट हात लागून प्रवाह जमिनीत गेला तर तो त्याला दिसत नाही. बदलून टाकावा.

फ्रीजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. हे धोक्याचे आहे का?

असे होत असेल तर बहुधा त्या प्लगला अर्थिंग पोहोचलेले नाही. आधुनिक उपकरणांत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रल यांपासून आवरणाकडे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर आवरणावर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. त्यातून जाणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो आणि त्याने जीव जात नाही. पण आज मुंग्या आणणारे आवरण उद्या खरा दोष झाल्यावर पूर्ण दाबाने उभे राहील आणि त्याला जमिनीकडे जायला वाट नसेल. चप्पल घालून हात लावणे हा यावरचा उपाय नाही.

प्लगची वरची पिन लांब आणि जाड का असते?

ती अर्थिंगची पिन आहे. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे फेज जोडलेला असताना आवरण कधीच अर्थिंगविना राहत नाही. जाड असल्यामुळे ती फेजच्या भोकात जाऊ शकत नाही. झडप असलेल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवरची झडपही तीच उघडते. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून उपकरण चालवले, की ही सारी व्यवस्था एका फटक्यात निकामी होते. सॉकेटकडे समोरून पाहिले, अर्थिंगचे भोक वर असले, तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा, आणि बटण फेजवरच हवे. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. बल्ब बदलताना झटका बसतो तो अनेकदा यामुळेच.

तारांच्या रंगांविषयी एक सावधगिरी येथेच सांगतो. आपल्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवे असते. उपकरणाच्या दोरीत मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळा आणि अर्थिंग हिरवे-पिवळे असते. म्हणजे निळी तार भिंतीत फेज असू शकते आणि दोरीत न्यूट्रल. प्लग बदलताना रंगावर विसंबू नये.

पावसाळ्यात ‘पत्र्यात करंट उतरला’ असे होते ते कसे? ते कसे टाळावे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात बळी पडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विजेच्या कोणत्याही वस्तूला हात लावलेला नसतो. खांबावरून घराकडे येणारी सर्व्हिस वायर किंवा घरातल्या दिव्याची तार पत्र्याच्या कडेवरून गेलेली असते. वाऱ्याने ती घासते, उन्हाने तिचे वेष्टण तडकते, आणि एका पावसात उघडा पडलेला फेज पत्र्याला लागतो. पत्रे लाकडी वाशांवर ठेवलेले असले तर प्रवाहाला जमिनीत जायला नीट वाट मिळत नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही आणि संपूर्ण छप्पर फेज होऊन बसते. त्या छपराच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. सकाळी कोणी ओला कपडा त्या तारेवर टाकते, ओल्या अंगणात, अनवाणी. पहिली व्यक्ती पडली की तिला सोडवायला धावलेली दुसरी व्यक्तीही त्यात सापडते. एकाच घरातील दोघे-तिघे जाण्याच्या घटना अशा घडतात.

कपड्यांसाठी लोखंडी तार कधीही वापरू नये, नायलॉनची दोरी बांधावी. ही दोन-तीनशे रुपयांचीही गोष्ट नाही. पत्र्याला टेकणारी प्रत्येक तार प्लास्टिकच्या पाइपातून न्यावी आणि सर्व्हिस वायर पत्र्यापासून पुरेशी उंच, वेगळ्या आधारावर असावी. ती टेकत असेल तर वीज कंपनीकडे तक्रार करून लाइनमनकडूनच दुरुस्त करून घ्यावी, कारण या भागातील दोष घरातल्या आरसीसीबीला दिसत नाही. पत्र्याचा लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडून घेणे हिताचे आहे. म्हणजे घरातल्या तारेचा फेज पत्र्याला लागला तर आरसीसीबी लगेच पडेल.

अचानक काही दिवे फार प्रखर झाले आणि काही मंद झाले. काय झाले असावे?

बहुधा न्यूट्रल तुटला आहे. ट्रान्सफॉर्मरवरून तीन फेज निघतात, प्रत्येक घराला एक फेज मिळतो आणि न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक असतो. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. सामाईक न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि हा दाब त्यांच्यात वाटला जातो. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. टीव्ही, फ्रीज, राउटर एका वेळी जळतात ते यामुळे. एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांनाही हे कळत नाही. त्यासाठी दाब वाढताच वीज तोडणारे वेगळे साधन मिळते, ते बसवावे. असे काही दिसताच मेन स्विच बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी.

न्यूट्रल नाही म्हणून किंवा बिल वाचावे म्हणून फेज आणि अर्थिंग यांच्यावर दिवे चालवण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. अशा घरात अर्थिंगची तार कुठे सुटली की तिला जोडलेली सर्व आवरणे फेज होतात, आणि ओल्या जमिनीत खड्ड्याच्या आसपास उभ्या असलेल्या जनावरालाही झटका बसू शकतो.

एमसीबी, आरसीसीबी सगळे असून घराला आग लागू शकते का?

होय, ढिल्या जोडामुळे. स्क्रू नीट आवळलेला नसेल तर त्या जागी रोध वाढतो, आणि १० अँपिअरसारख्या सामान्य प्रवाहालाही तो जोड तापून प्लास्टिक वितळू लागते. प्रवाह वाढलेला नसतो म्हणून एमसीबी पडत नाही, आणि जमिनीत गळती नसते म्हणून आरसीसीबीही पडत नाही. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर लावला तर हेच घडते. सॉकेट पिवळे पडणे, प्लग काढताना गरम लागणे, जळक्या माशासारखा वास येणे, बटणातून चरचर आवाज येणे ही लक्षणे दिसली की ते सॉकेट किंवा बटण त्याच दिवशी बंद करावे. किटकॅट फ्यूजमध्ये (जुन्या बोर्डावरचा, तार भरायचा चिनीमातीचा फ्यूज) जाड तांब्याची तार भरलेली असेल तर तीही काढावी. ती फ्यूज राहिलेली नसते.

मेन स्विच बंद केला की घर पूर्ण मृत होते ना?

इन्व्हर्टर असेल तर नाही. मेन बंद होताच तो बॅटरीवरून तेच २३० व्होल्ट दिवे-पंख्यांच्या तारांत सोडतो. काम करण्यापूर्वी इन्व्हर्टरही बंद करावा आणि तार टेस्टरने तपासावी. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतो का तेही पाहावे. छतावर सौर पॅनेल असतील, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर ती पुष्कळ घरांवर आली आहेत, तर उजेड असेपर्यंत पॅनेलपासून यंत्रापर्यंतच्या तारांत वीज असतेच. घरातला कोणताही स्विच तिला थांबवत नाही. पॅनेल धुताना तडकलेल्या जोडांना हात लावू नये.

कोणी विजेला चिकटले तर पहिल्या मिनिटात काय करावे?

त्या व्यक्तीला हात लावू नये. मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने तिला तारेपासून ढकलून वेगळे करावे, आणि स्वतः कोरड्या जागी, पायात चप्पल घालून उभे राहावे. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल तर काठीचाही प्रयोग करू नये, दूर राहून वीज बंद करवून घ्यावी.

सुटका झाल्यावर ती व्यक्ती हाक मारल्यावर प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नसेल, किंवा मधूनच घशातून घरघर येत असेल, तर १०८ वर फोन करायला दुसऱ्याला सांगून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब देणे सुरू करावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. तळपाय चोळणे, मातीत पुरणे, तोंडात पाणी घालणे यांत ती मिनिटे वाया जातात. व्यक्ती शुद्धीवर असली, उठून बसली, तरी झटका जोराचा होता, छातीत धडधड आहे किंवा क्षणभर शुद्ध हरपली होती, तर दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा, आणि वीज कोणत्या हातातून शिरली व ती व्यक्ती साधारण किती वेळ चिकटून होती, हे डॉक्टरांना सांगावे.